उमेदवारी संपल्यानंतर



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी पाढे पाठ केले, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून सरांच्या स्मरणार्थ चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा मनात संकोच दाटून आला. यापूर्वीच्या वक्त्यांची विद्वत्ता माझ्यापाशी नाही. माझी निम्मी हयात कारखान्यात गेली आणि उरलेली कामगारांचे अर्ज, विनंतीपत्रे व अपिलांचे मसुदे लिहिण्यात. तेव्हा जो विषय मला अंगावरून गेल्यामुळे समजला, तोच आपल्यापुढे मांडतो. शिकाऊ उमेदवाराचे काम गेले, तर शासन त्याच्यासाठी काय करते, असा हा प्रश्न आहे.

आरंभी ‘उमेदवार’ या शब्दाविषयी थोडेसे. आज हा शब्द कानी पडला की आपल्याला निवडणूक आठवते. परंतु फारसीतून मराठीत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ आशा धरून बसलेला माणूस, एवढाच. जुन्या कचेऱ्यांत असे उमेदवार असत. सकाळी येऊन कारकुनाच्या शेजारी बसावे, नकला कराव्यात, दफ्तरे बांधावीत, आणि एखादी जागा रिकामी होईल या आशेवर वर्षानुवर्षे बिनपगारी राबावे. मराठीने ‘उमेदवारी करणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच घडवला. १९६१ साली केंद्र शासनाने ‘अप्रेंटिसेस अ‍ॅक्ट’ केला आणि मराठीत त्याचा ‘शिकाऊ उमेदवार कायदा’ झाला. ज्याने कोणी हे भाषांतर केले, त्याने नकळत फार खरे भाषांतर केले. कारण या कायद्याने कारखान्यातल्या मुलाला विद्यावेतन दिले, शिक्षणाचा करार दिला, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्रही दिले. मात्र त्याचे स्थान कचेरीतल्या त्या जुन्या उमेदवाराचेच राहिले. तो आशा धरून बसलेला माणूस. त्याला नोकरी नसते, म्हणून त्याची नोकरी जाऊही शकत नाही.

हे वाक्य मी अलंकार म्हणून बोललो नाही. ते मला एका कारखान्याच्या फाटकावर ऐकावे लागले आहे. सालाचा हिशेब सांगायचा तर १९७४. मी आय. टी. आय. मधून फिटरचा अभ्यासक्रम पुरा करून शहराबाहेरील औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो होतो. आम्ही सातजण होतो. पैकी तिघे या शाळेचे. एके सकाळी सायकली घेऊन पोहोचलो तर फाटकाला टाळे. आत मागण्यांचा आणि देण्याघेण्याचा काही घोळ होता. त्याच्या तपशिलात आज शिरत नाही. काही महिन्यांनी कायम कामगारांचा हिशेब झाला. नोटिशीचा पगार, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई, जे काही कायद्याने ठरले होते ते. आम्ही सातजण खिडकीशी गेलो तेव्हा आतले गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘‘तुमची नोकरी गेलेली नाही. तुम्हांला नोकरी नव्हतीच.’’ त्या गृहस्थांवर मी आजही राग धरत नाही. ते कायदा सांगत होते.

तो कायदा कोणता, ते आता पाहू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘कामगार’ या शब्दाची जी व्याख्या होती, तिच्यात शिकाऊ उमेदवाराचा उल्लेख नावानिशी केलेला होता. म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्षी तो कामगार होता. १९५३ च्या दुरुस्तीने कामगारकपातीची भरपाई आली. पुढे १९६१ चा कायदा झाला आणि त्याच्या अठराव्या कलमाने सांगितले की या कायद्याखालचा उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू होणार नाहीत. बाविसाव्या कलमाने आणखी स्पष्ट केले की, करारात तसे लिहिलेले नसेल तर उमेदवारी संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. अर्थात ती स्वीकारण्याचे बंधन उमेदवारावरही नाही, हेही २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत त्यात लिहिलेले होते. या समतोलाचे मला नेहमी कौतुक वाटते!

परंतु याच कायद्याचे सोळावे कलम पाहावे. प्रशिक्षण घेत असताना अपघात होऊन उमेदवाराला इजा झाली, तर मालकाने त्याला कामगार-भरपाईच्या कायद्याप्रमाणे नुकसानभरपाई द्यावी, असे ते सांगते. म्हणजे यंत्रात बोट गेले तर तो कामगारासारखा. काम गेले तर तो विद्यार्थी. कायदा करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा होता असे मी म्हणत नाही. कारखानदारांनी मुले शिकवायला घ्यावीत, त्यांना कायम करण्याच्या भीतीने दार लावून घेऊ नये, हा त्यामागचा विचार होता आणि तो चुकीचा नव्हता. पण दार उघडे राहावे म्हणून आत येणाऱ्याचे नावच वहीत लिहायचे नाही, अशी जी तोड निघाली, तिची किंमत कोणी मोजली नाही.

शासनाची मदत ही नेहमी वहीपासून सुरू होते. ज्याचे नुकसान नोंदले गेले, त्याच्या दारापर्यंत ती उशिरा का होईना पोहोचते. आपल्या राज्यघटनेच्या एकेचाळिसाव्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजारपण यांसारख्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याची तरतूद राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करावी, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्या दिशेने कामगार विमा महामंडळाने १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू केली. कारखाना बंद पडल्याने किंवा कपातीमुळे बेकार झालेल्या विमाधारकास त्यातून भत्ता मिळू लागला. १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिच्यात सरासरी रोजमजुरीच्या पाव हिश्श्याइतकी मदत नव्वद दिवसांपर्यंत होती. करोनाच्या टाळेबंदीत, २४ मार्च २०२० पासून, ती निम्म्यापर्यंत वाढवण्यात आली. योजना चांगल्या आहेत. मी स्वतः पुष्कळांचे अर्ज भरून दिले आहेत. पण अर्जाच्या पहिल्याच रकान्यात विमा क्रमांक मागतात, आणि १९६१ च्या कायद्याखालच्या उमेदवाराला कामगार विमा लागू नाही. सर्वोच्च न्यायालयानेही सत्तरच्या दशकात टाटांच्या जमशेदपूरच्या मोटार कारखान्याच्या प्रकरणात शिकाऊ उमेदवार हा त्या कायद्याखालचा कर्मचारी नव्हे असाच निवाडा दिला होता. तेव्हा पहिला रकाना कोरा, आणि कोऱ्या रकान्याचा अर्ज परत.

आता नव्या संहितांकडे येतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यांपैकी २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत एक गोष्ट मला फार आवडली. कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून एक निधी कल्पिला आहे. मालकाने त्याच्या शेवटच्या पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम या निधीत भरावी आणि ती पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावी. काम गेलेल्याला शिकण्यासाठी मदत, ही कल्पना आपल्या कायद्यात असायलाच हवी होती. मात्र त्याच संहितेने ‘कामगार’ या व्याख्येतून शिकाऊ उमेदवाराला आता नाव घेऊन वगळले आहे. १९४७ च्या व्याख्येत तो नाव घेऊन आत होता. २०२० मध्ये नाव घेऊन बाहेर. शिकण्यासाठी ठेवलेल्या पैशावर कोणाचा हक्क नाही, तर जो शिकत होता त्याचा! सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच गोष्ट. तिने घरोघर जेवण पोहोचवणाऱ्या आणि फोनवरून बोलावलेली गाडी चालवणाऱ्या मंडळींची प्रथमच दखल घेतली, याचा मला आनंद आहे. पण ‘कर्मचारी’ या शब्दापुढे कंसात शिकाऊ उमेदवार वगळून, असे लिहिले आहेच.

हा प्रश्न केवळ कारखान्यांपुरता आता राहिलेला नाही. महाराष्ट्रात जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. बारावी झालेल्यास दरमहा ६,०००, आय. टी. आय. किंवा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन शासनाकडून, सहा महिने. हजारो मुले-मुली शासकीय कार्यालयांत, शाळांत, खाजगी आस्थापनांत रुजू झाली. मुदत संपत आली तशी अस्वस्थता वाढली. आणखी पाच महिने देऊन ती अकरा करण्यात आली. अकरा हा आकडा ज्यांनी सरकारी नेमणुका जवळून पाहिल्या आहेत, त्यांना वेगळा समजावून सांगायला नको. त्यानंतर ही मुले ‘आम्हांला कायम करा’ म्हणत रस्त्यावर आली. त्यांची मागणी जशीच्या तशी मान्य करणे कोणत्याही शासनाला जमणारे नाही, हे मी जाणतो आणि त्यांना तसे तोंडावर सांगितलेही आहे. प्रशिक्षण देताना नोकरीचे वचन दिलेले नव्हते, हे शासनाचे म्हणणे कागदावर बरोबरच आहे. परंतु ज्या मुलीने ग्रामपंचायतीच्या कचेरीत अकरा महिने दाखले लिहिले, गावाने तिला ‘मॅडम’ म्हटले, तिने बाराव्या महिन्यात घरी बसून स्वतःला काय म्हणवून घ्यावे? कामावरून कमी केलेली म्हणावे, तर ती कामावर नव्हती. शिक्षण संपलेली म्हणावे, तर पुढची वाट कोणी दाखवलेली नाही.

अध्यक्ष महोदय, आपण म्हणाल की हे सारे रडगाणे झाले, उपायाचे बोला. उपायाकडे येण्यासाठी मला पुन्हा १९७४ सालात आणि याच अफझलगंजात यावे लागेल.

फाटकावरून परतलेले आम्ही तिघे सरळ सरांच्या घरी गेलो. सरांनी चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘तुमच्या कराराचा कायदा तुम्ही वाचलाय का?’’ आम्ही करारावर सह्या केल्या होत्या. वाचण्याचा विचारही मनात आला नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर आम्हांला समोरच्या रस्त्याने मुसीकाठच्या ग्रंथालयात घेऊन गेले. आज आपण त्याला राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणतो. १८९१ साली ते स्थापन झाले आणि जुनी मंडळी अजून आसफिया असेच म्हणतात. त्या उंच छताच्या दालनात तेव्हाही बेकार तरुणांची दाटी असे. आजही असते. फरक एवढाच की तेव्हा वर्तमानपत्रातल्या ‘पाहिजेत’च्या जाहिरातींवर माना झुकलेल्या असत, आता स्पर्धापरीक्षांच्या जाडजूड पुस्तकांवर. तिथे सरांनी कायद्याचे इंग्रजी पुस्तक मागवले, खिशातून पेन्सिल काढली आणि पाचव्या कलमावर बोट ठेवले.

ते कलम आजही कायद्यात आहे आणि आजही फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून सविस्तर सांगतो. ज्या मालकाशी करार झाला, त्याला तो पाळणे कोणत्याही कारणाने अशक्य झाले, तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या संमतीने उमेदवाराचा उरलेला काळ दुसऱ्या मालकाकडे पुरा करता येतो. करार मरत नाही, तो हस्तांतरित होतो. शिवाय मालकाने अटी न पाळल्यामुळे करार संपुष्टात आला, तर सातव्या कलमाप्रमाणे उमेदवाराला ठरलेली भरपाई मिळते. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याने एक छोटे दार ठेवले होते. पण त्याला एक अट आहे. दुसरा मालक तयार हवा. आणि तो शोधण्याचे काम कायद्याने कोणाच्याच अंगावर टाकलेले नाही.

सरांनी ते स्वतःच्या अंगावर घेतले. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाची वर्कशॉप आहे, कोण कुठे फोरमन आहे, याची त्यांच्यापाशी एक वही होती. नाव, शाळा सोडल्याचे साल, आणि शेवटचा रकाना ‘सध्या काय करतो’. दर संक्रांतीला तिळगूळ घ्यायला येणाऱ्या मुलाला विचारून सर तो रकाना खोडून नव्याने लिहीत. त्या वहीतून त्यांनी दोन पत्ते काढले आणि सायकलवरून स्वतः गेले. चार महिन्यांच्या लिखापढीनंतर आमच्यापैकी दोघांचे करार हस्तांतरित झाले. त्यांतला एक मी. उरलेले दहा महिने मी पुरे केले, परीक्षा दिली, प्रमाणपत्र मिळाले, आणि त्या कागदावर माझे सारे पुढचे आयुष्य उभे राहिले.

तिसऱ्यासाठी मालक मिळाला नाही. त्याचा हात आम्हा सातांत सर्वांत सरस होता. त्याने कानस चालवली की पृष्ठभागावर गुण्या ठेवून उजेड दिसत नसे. घरी तीन लहान भावंडे; तो बेगम बाजारात एका दुकानी तराजूवर बसला. ‘सहा महिने बसतो, मग बघू’ असे म्हणाला होता. त्या सहा महिन्यांत त्याला दरमहा थोडीशी रक्कम मिळाली असती, तर तो तराजूवर बसला नसता, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण त्याच्या घरचा हिशेब मला ठाऊक होता. त्याला लाख रुपये नको होते. भाड्याचे आणि ज्वारीचे पैसे हवे होते, दुसरे दार उघडेपर्यंत.

परदेशांची उदाहरणे देऊन सभा जिंकण्याची मला सवय नाही, परंतु दोन सांगण्यासारखी आहेत. जर्मनीत शिकाऊ उमेदवार पहिल्या दिवसापासून बेकारी विम्याचा सभासद असतो. त्याची वर्गणी कापली जाते आणि उमेदवारी संपून नोकरी न मिळाल्यास त्याला भत्त्याचा हक्क पोहोचतो. ऑस्ट्रेलियात करोनाच्या आरंभी, मार्च २०२० मध्ये, तेथील सरकारने लहान उद्योगांतील शिकाऊ उमेदवारांच्या वेतनाचा निम्मा भार स्वतः उचलण्याचे जाहीर केले. आणि ज्याला कामावरून जावे लागले होते अशा उमेदवाराला जो कोणी मालक नव्याने घेईल, त्यालाही ही सवलत ठेवली. सरांनी सायकलवरून जे केले, तेच एका सरकारने तिजोरीतून केले. तेथे ‘धंद्याबाहेर पडलेला उमेदवार’ असा रीतसर शब्दच आहे. शब्द आहे, कारण नोंद आहे.

आपल्याकडे पैसा अजिबात नाही असेही नाही. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली केंद्र शासन विद्यावेतनाचा पाव हिस्सा, कमाल १,५०० रुपयांपर्यंत, सोसू लागले. तो शिकत असलेल्यासाठी आहे. शिकणे मध्येच तुटलेल्यासाठी त्यातलाच हिस्सा तीन-चार महिने चालू ठेवणे आणि त्याला घेणाऱ्या दुसऱ्या मालकाला तो जोडून देणे, यासाठी नवा कायदा लागत नाही. पाचवे कलम आहेच. उमेदवारांचे करार आता संगणकावर नोंदले जातात, तेव्हा कोणता कारखाना बंद पडला आणि कोणाचा करार अर्धवट राहिला हे शोधायला सायकल लागणार नाही. विम्याचा प्रश्न मोठा आहे, त्याला कायदादुरुस्ती लागेल. परंतु वर्गणीचा भार शासनाने सोसला तर मालकांचा विरोध होण्याचे कारण मला दिसत नाही.

न्यायालयांनी आपल्या परीने काही केले आहे. उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळातील बेकार शिकाऊ उमेदवारांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. जानेवारी १९९५ मध्ये निकाल लागला. नोकरीचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही, परंतु इतर सर्व गोष्टी समान असतील तर शिकून तयार झालेल्या उमेदवाराला थेट भरतीतील माणसाआधी घ्यावे, एम्प्लॉयमेंट एक्सचेंजकडून त्याचे नाव येण्याची वाट पाहू नये आणि वयाच्या अटीत प्रशिक्षणाचा काळ सोडून द्यावा, असे सांगितले. शिवाय शिकून बाहेर पडलेल्यांची सालवार यादी ठेवावी, असेही म्हटले. ही यादीची गोष्ट वकीलमंडळी घाईने ओलांडून जातात. मला तर निकालाचा गाभा तिच्यातच दिसतो. परिवहनाचे नाव निघाले म्हणून आठवले: येथून हाकेच्या अंतरावर गौलीगुड्याला १९३२ साली निजामांच्या रेल्वेखात्याची बससेवा २७ गाड्या आणि १६६ माणसांनिशी सुरू झाली. ते प्रचंड पत्र्याचे छप्पर जुलै २०१८ मध्ये कोसळले. या वस्तीतल्या किती पोरांनी बसच्या कारखान्यांतून हात काळे करून उमेदवारी केली, त्याची यादी मात्र कोठे असेल असे वाटत नाही.

एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचा जन्मही आठवण्यासारखा आहे. १९४५ साली महायुद्ध संपताना सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या जवानांना कामाला लावण्यासाठी ती यंत्रणा उभी राहिली, आणि फाळणीनंतर निर्वासितांसाठी तिची दारे उघडली. तिच्याबरोबरच हस्तव्यवसायाचे प्रशिक्षणही सुरू झाले. काम, शिक्षण आणि आधार या तिन्ही गोष्टी त्यावेळी एकाच छपराखाली होत्या. पुढे खाती वेगळी झाली, कार्डे नूतनीकरणापुरती उरली.

सरांची ती वही त्यांच्या कन्येने गेल्या वर्षी माझ्या स्वाधीन केली. आम्हा तिघांची नावे एकाखाली एक आहेत. माझ्या रकान्यात पाच वेळा खोडून सहाव्यांदा लिहिले आहे. माझ्या त्या मित्राच्या रकान्यात ‘दुकानी, तात्पुरता’ असे दोनच शब्द आहेत. त्यांवर काट मारलेली नाही. तो एकवीस वर्षे त्या तराजूवर बसला आणि तिथेच असताना गेला.

वहीची छायाप्रत मी आज मुख्याध्यापकांकडे देत आहे. १९९१ नंतरची पाने कोरी आहेत. सभागृहात बसलेल्यांपैकी ज्यांची वर्कशॉप, गॅरेज, छापखाने अथवा प्रयोगशाळा आहेत, त्यांनी कार्यक्रमानंतर बाहेरच्या टेबलाशी आपले नाव आणि किती मुले घेऊ शकता तो आकडा लिहावा, अशी विनंती आहे. तिथे आपल्या शाळेची दोन मुले बसलेली आहेत. दोघांचीही उमेदवारी गेल्या दिवाळीत मध्येच तुटली आहे. एक इलेक्ट्रिशियन आहे, दुसरा टर्नर.